कोचचे चार प्रश्न

आयर्लंडमधल्या ट्रली गावच्या हॉस्पिटलात मी डॉक्टर आहे, आणि सहा वर्षं इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोचही होतो. हे ऐकून मिरजेचे नातेवाईक हसतात. इथले, म्हणजे केरी परगण्यातले लोकही हसतात. त्यांना त्यांचं गेलिक फुटबॉल सोडून बाकी सगळा पोरखेळ वाटतो. सुरुवातीला मी फक्त कुणाला लागलं तर बघायला मैदानाच्या कडेला उभा असायचो. जुना कोच नोकरीसाठी गाव सोडून गेला, दुसरं कोणी तयार होईना, तेव्हा शिट्टी माझ्या गळ्यात पडली. पगार नाही, मैदान उसनं. तरी मला त्याचं वेड लागलं, हे कबूल करतो.

संघात चेंडू घेऊन पळायचं काम माझ्या मुलाचं. इथे आला तेव्हा चार वर्षांचा होता, आता एकवीस. मराठी सगळं समजतं, पण उत्तर कायम इंग्रजीत, तेही अस्सल केरीच्या हेलात. त्यावरून मी घरात किती डोकं आपटलंय, ते माझ्या बायकोला विचारा.

त्या रविवारी सेमीफायनल होती. तिथवर आम्ही पहिल्यांदाच पोचलो होतो. शेवटच्या क्वार्टरला तीन पॉइंटांनी मागे असताना दोघांनी मिळून मुलाला आडवा केला. तो उठला, चालत कडेला आला. डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूला बसवायचं, हा नियम मीच दर सीझनला सगळ्यांकडून घोकून घ्यायचो. त्या दिवशी मी फक्त चार प्रश्न विचारले. मैदान कुठलं, स्कोअर किती, क्वार्टर कितवा, मागची मॅच कोणाशी?

चारही उत्तरं बरोबर. खरं सांगतो, ऐकताना मला छानच वाटलं.

"जा," मी म्हणालो.

तो हेल्मेट चढवत वळला आणि माझ्या लक्षात आलं. चारही उत्तरं त्याने मराठीत दिली होती.

मी ओरडून त्याला परत बोलावलं. "बाबा, खेळू दे ना मला," तो म्हणाला. एरवी मी 'डॅड' असतो. मी त्याचं हेल्मेट काढून घेतलं, त्याला बाकावर बसवलं. आम्ही हरलो.

स्कॅनमध्ये काही निघालं नाही. तरी वॉर्डात तो मराठीतच बोलत राहिला, आणि इतकी वर्षं हेच मागणारा मी प्रत्येक शब्दाला धसकत होतो. मग तो झोपला. संध्याकाळी उठला, फोनवर मित्रांचे मेसेज वाचले आणि माझ्यावर भडकला.

"यू टुक मी ऑफ? आय वॉज ग्रँड, डॅड!"

'ग्रँड' म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम ठीक'. माझा जीव भांड्यात पडला. तो दहा मिनिटं इंग्रजीत बोल लावत होता.

पुढच्या आठवड्यात मी कोचिंग सोडलं. हरल्याचं मनाला लागलं, असं मुलगा समजतो. आधी मी त्याला 'जा' म्हणालो होतो, हे त्याला आठवत नाही. मीही अजून सांगितलेलं नाही.