फोमचा नाकतोडा

हसायचं नाही, आधीच बजावतो! आमचं अर्धं आर्णी गाव हसून मोकळं झालं आहे. अरे, पण माझं चुकलं काय?

मला धरणावर गळ टाकायचा नाद. तिथले मासे पाण्यावर पडलेला नाकतोडा टिपतात, म्हणून मी फोमचे नाकतोडे घरीच बनवतो. आधी थर्माकोल घेतला, वर पुतणीचं नेलपॉलिश लावलं, तर थर्माकोलच विरघळला! टीव्हीच्या खोक्यातला फोम दोरा आवळताच फाटला. राहता राहिली फोमची चप्पल. हलकी, चिवट, रंगही धरते. माझी जुनी पांढरी चप्पल मी ओसरीच्या कोपऱ्यात खास त्यासाठी जपून ठेवली होती.

त्या रविवारी पुतणीला, वैशालीला, बघायला पांढरकवड्याचे पाहुणे आले. आधीची दोन स्थळं नाक मुरडून गेलेली, त्यामुळे घरात नुसती धाकधूक. आत पोहे चालले होते. मी हळूच सटकलो, कोपऱ्यातली चप्पल उचलली, परसात टाच कापून झकास हिरवा नाकतोडा केला आणि वाळायला खिशाला अडकवला.

पाहुणे निघाले. मुलाचे मामा एका पायात चप्पल घालून उभे!

"माही दुसरी कुठी गेली?"

माझं डोकंच फिरलं. आमच्या दारातून पाहुण्याची चप्पल जाते? मी तडक शेजारच्या गुलाबरावांवर धावून गेलो.

"तुमच्या कुत्र्यानंच नेली! सोयरीक मोडली तं पाहून घेजा!"

"माहा कुत्रा कालपासून वावरात बांधून आहे! उगाच कायले बोंबलता?"

"मंग काय म्या नेली?"

तेवढ्यात बायको ओरडली, "अवो, तुमची जुनी चप्पल तं मी सकाळीच फेकून देल्ली, पाहुणे येनार म्हून! तुमी कापली कोनाची?"

मामांनी माझ्या खिशावरचा नाकतोडा उलटा केला. पोटावर त्यांच्याच पांढऱ्या चपलेची नक्षी!

"भाऊ, जोडे तं लग्नात लपवतेत," मामा म्हणाले, "अन् तेही नवरदेवाच्या साळ्या. तुमाले भलतीच घाई झाली!"

मामा माझी नवीकोरी सँडल घालून परतले, आणि सोयरीक जुळली. चप्पल फेकली बायकोनं, नाव मात्र माझं! हा कुठला न्याय?

लग्नात आहेर निघाला. आमच्याकडच्या सगळ्यांना टोपी-दुपट्टा, मला मात्र चमकदार कागदातलं पुडकं. मी मोठ्या ऐटीत भर मांडवात ते उघडलं. आत मामांची उरलेली चप्पल!

"ठेवा भाऊ," मामा म्हणाले. "आज मांडवाबाहेर चपलांच्या दोनशे जोड्या आहेत. म्हटलं, तुमाले मोह नको व्हायले."