शिशाचं खोगीर

वजनकाट्यावर उभी राहिले तेव्हा कळलं, की महिनाभर ताक-काकडीवर काढला तो उगाच.

माझी पहिली स्टीपलचेस. म्हणजे घोड्यानं कुंपणांवरून उड्या मारत पळायची शर्यत. साल २००४, गाव व्हर्जिनियातलं. पहाटे मी नेलच्या तबेल्यात घोडे फिरवायचे आणि मग ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग. नेल ट्रेनर, घोडा शर्यतीसाठी तयार करणारी. मी अमॅच्युअर जॉकी, म्हणजे बसायचे पैसे न घेणारी.

पुण्यात नाना, माझे वडील, ट्रेनर. दोन्ही भाऊ जॉकी. मुलींनी तबेल्यापर्यंत यायचं, ट्रॅकवर नाही, हा नानांचा कायदा. पण रेस जवळ आली की भाऊ अर्ध्या पोळीवर उठायचे, ते मी लहानपणापासून बघत आले होते. तिथल्या सपाट, बिनकुंपणांच्या शर्यतीत जॉकी हलका लागतो. म्हणून मीही उपाशी राहिले. नेलला विचारायला हवं होतं. पण रेसवाल्यांच्या घरची मुलगी विचारते होय? अक्कल पावशेर, तोरा मणभर!

काट्यावरचा गृहस्थ म्हणाला, "मॅडम, या रेसला खोगिरासकट पंचाहत्तर किलो लागतात."

"आणि मी?"

"खोगीर धरून त्रेपन्न."

कमी पडेल तेवढं शिसं खोगिराखालच्या कप्प्यांत भरतात. ते भरायला लागले, तशी नेल धावत आली.

"तुला झालंय काय?"

"डाएट केलं."

"कुणासाठी?"

मी हेल्मेटचा पट्टा आवळायला लागले.

"चक्कर येणार असेल तर आत्ता सांग. दुसरा जॉकी बसवते."

"नाही येणार."

तिनं स्वतःचं सँडविच माझ्या हातात कोंबलं. "खा. माझ्यासमोर."

घोड्याचं नाव बिस्किट. उड्या त्यानं मारल्या. मी फक्त पडले नाही. आम्ही चक्क तिसरे आलो!

पण नंबर अजून पक्का नव्हता. रेस संपल्यावर जॉकीनं आपलं सामान स्वतः उचलून परत काट्यावर जायचं असतं. वजन कमी भरलं, किंवा वाटेत दुसऱ्या कुणी हात लावला, तर नंबर गेला. मी पट्टा सोडला. खोगीर शिशासकट अंगावर आलं आणि मी दोन पावलं मागे गेले. मघाशी ते घोड्यावर नेलनं चढवलं होतं. आता ती हात पाठीमागे बांधून शेजारून चालत होती.

"नेल, जरा खाली ठेवू?"

"ठेव की. परत उचलणार कोण?"

झोपलेलं पोर कडेवरून घसरावं तसं ते घसरत होतं. मी हनुवटीनं दाबून धरलं. काट्यावर चढले, तेव्हा पाय लटपटत होते आणि काटाही.

गृहस्थ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "ओके. थर्ड."

तेव्हापासून नव्या कामात मी आधी विचारते. मूर्ख दिसते, पण निदान जेवलेली असते.

दुसऱ्या दिवशी नानांना फोन केला. चोरून रेस केली, हे आता सांगणं भागच होतं. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"उड्यांतलं मला काही कळत नाही. पण सामान टाकलं नाहीस, एवढं कळलं. आता जेव. आणि पुढच्या वेळी बसायच्या आधी फोन कर, नंतर नको."