निंबावरच्या गुळवेलीची चव

कुठलंही पान हातात आलं की आमचे साहेब ते आधी जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं. कडू हाय. म्हंजी गुण हाय."

हे गृहस्थ पाथर्डीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त झाल्यावर घोषणा करायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून वनस्पतींच्या घोषणा करू लागले. आवाज तोच. खोकल्याला अडुळसा, साखरेला जांभळाची बी, आणि उरलेल्या सगळ्याला गुळवेल. ताप, गुडघे, गळणारे केस, सुनेचा रुसवा, काहीही असो. तुमच्या गल्लीतही असा एक जण असणारच. पण आमचे साहेब नेमके माझ्या मेडिकलच्या पायरीवर बसायचे, हे माझं नशीब.

गिऱ्हाईक पायरी चढलं की हे विचारणार, "काय झालं रं? जीभ दाखव." मग लगेच, "हे इष कशाला खातो? घरी चल, गुळवेल देतो." एकदा मला सर्दी झाली, तर माझ्याच दुकानातली गोळी मी कपाटाआड उभं राहून खाल्ली.

ती गुळवेल त्यांच्या दारातल्या कडुनिंबावर चढलेली. पाथर्डीच्या कोरड्या मातीमुळे तिच्यात जगात कुठं नाही असा कडूपणा आहे, हा त्यांचा सिद्धान्त. पुरावा ते स्वतःच. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, तेव्हा यांनी चिठ्ठी दवाखान्याच्या दारातच टाकली आणि रोज सकाळी काढा सुरू केला. साखर खरंच उतरली. तो रिपोर्ट घेऊन साहेब गल्लीभर मिरवले. लोक गुळवेल मागून न्यायचे. कुणाची साखर तशीच राहिली की हे त्यालाच झापायचे, "तुमचा काढाच पुळचाट. माझा पिऊन बघा, जीभ वाकडी व्हती."

आता आतली गोष्ट सांगतो. टाकलेली ती चिठ्ठी काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, गुपचूप उचलली होती. डॉक्टरांशी बोलून त्या माझ्याकडून गोळ्या न्यायच्या, खलबत्त्यात कुटायच्या आणि काढ्यात ढवळायच्या.

"काकू, सांगून का नाही देत?" मी एकदा विचारलं.

"सांगितलं तर घेत्याल व्हय? त्यांचा मान त्यांना राहू द्या भाऊ. मला माणूस पायजे."

गुळवेल न्यायला आलेल्या बायकांनाही त्या मागच्या दारी बजावायच्या, "काढा पाजा, पन गोळी सोडू देऊ नका." आणि मला ताकीद होती, "मी हाय तवर ह्यांना बोलायचं न्हाई."

त्यामुळे पायरीवर साहेब गोळीला विष म्हणत असायचे आणि आत काकू तीच गोळी पदराआड घेऊन उभ्या. हसू कसं दाबायचो ते माझं मलाच ठाऊक.

गेल्या हिवाळ्यात काकू अचानक गेल्या. हृदयाचा झटका आला, दवाखाना गाठायलाही वेळ मिळाला नाही. तेरावं उरकून मुलगा पुण्याला परतला आणि साहेब आपला काढा आपणच करू लागले. पायरी मात्र रिकामीच. मला तिथं गिऱ्हाइकं अडवणारं कुणी नको होतं ना? तरी करमेना.

पुढं एक दिवस ते आले, ते थेट काउंटरपाशी. पार वाळले होते. पायाला फडकं गुंडाळलेलं, जखम भरत नव्हती. हातात रिपोर्ट होता, पण घडी घातलेला.

"गुळवेल तीच हाय," ते हळू म्हणाले. "निंब बी तोच. दुप्पट घातली, कारलं घातलं, किराईत घातलं. पन तिच्या काढ्याचा कडूपणा येतच न्हाई. काय घालत हुती ती? तुला कधी बोलली का?"

काकूंची ताकीद आठवली. पण ती त्या असेपर्यंतचीच होती. मी गोळ्यांचं पाकीट काढून त्यांच्यापुढं ठेवलं.

"काकू हे न्यायच्या. कुटून घालायच्या. डॉक्टरांना माहीत आहे."

आता हा माणूस दुकान डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. त्यांनी पाकीट उचलून डोळ्यांजवळ नेलं. मग एक गोळी काढली, दातानं फोडली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

मी पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यांनी हातानंच थांबवलं. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरलं.

"हं," ते म्हणाले. "हाच कडूपणा. तिच्या हातचा."