घरभर ताजी हवा

आमच्या कोल्हापूरच्या घरात शुद्ध हवा एकूण चार दिवस टिकली.

ती आणली मीच. सासूबाई गेल्यापासून माझे सासरे (मी त्यांना मामा म्हणतो) गारगोटीला एकटे होते, त्यात दम्यानं बेजार. त्यांनी कायमचं आमच्याकडे यावं म्हणून माझी बायको सुनंदा वर्षभर त्यांच्या मागे लागली होती. अखेर ते म्हणाले, "आठ दिवस बघतो. दम लागला तर माघारी."

झालं! मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे स्वस्थ बसणं मला जमत नाही. मी अख्ख्या घराला व्हेंटिलेशनची मशीन बसवून घेतली. मागच्या भिंतीतला पाइप अंगणातली ताजी हवा ओढणार, गाळणार आणि प्रत्येक खोलीत सोडणार. खिडक्या मी चिकटपट्टी लावून बंद केल्या.

मामांनी छतातल्या जाळीकडे बराच वेळ बघितलं. "पावणं, खिडकी उघडली तर हवा येत न्हाय व्हय?"

"ती कच्ची हवा, मामा!" (हे वाक्य मी खरोखर बोललो. वर्गात कुणी बोललं असतं तर तासभर उभा केला असता.)

पण चार दिवस मामा खरंच ठणठणीत होते! सुनंदा खूश. मला माज चढला. घरात उदबत्ती बंद, धूप बंद, फोडणीवर झाकण. पाचव्या दिवशी सुनंदानं वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला काढल्या, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात आडवा झालो.

"घरात मिरची? हवेचं वाटोळं होईल! मागच्या अंगणात भाज."

"अवो, पण तिथं तुमचा त्यो पाइप..."

"पाइपाचं मी बघतो!"

ती गेली. शेजारच्या दोघी मदतीला आल्या. चूल पेटली आणि पाइपाच्या बरोबर खाली दोन किलो मिरच्या कढईत पडल्या. फिल्टर धुळीसाठी होता. मिरचीच्या धुराशी त्याची ओळखच नव्हती.

पहिला ठसका मामांना लागला, दुसरा मला. मी शास्त्रीय विचार केला. आतली हवा बिघडली, म्हणजे बाहेरची जास्त हवी! मी मशीन फुल्ल केली.

मशीननं भेदभाव केला नाही. हॉल, देवघर, संडास, सगळीकडे सारखीच मिरची!

"बंद करा की ती!" मामा ओरडले.

"बटण दिसंना, मामा!"

खिडकी उघडायला गेलो, तर चिकटपट्टी निघेना (काम मी मन लावून केलं होतं!). शेवटी दम्याच्या पेशंटनंच मला दंडाला धरून रस्त्यावर काढलं.

मामा समोरच्या कट्ट्यावर बसून पंप ओढत होते. सगळी गल्ली गोळा झाली. सुनंदा उलथनं घेऊन धावत आली आणि वडिलांना तसं बघून रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आण्णा, माघारी जाऊ नका," ती म्हणाली.

मामांनी दोन श्वास मोकळे घेतले. "न्हाय जात, पोरी. हितं बाहेर झ्याक वाटतंय. पर त्या घरात ती मशीन आणि हे पावणं, दोन्ही एकदम नकोत. एक कायतरी काढ."

सुनंदानं घराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मशीनची वॉरंटी अजून हाय, आण्णा."

मी मुकाट्यानं माझ्या चपला शोधू लागलो.