जेलीफिशचं पान

लातूरला आमच्या क्लाससमोर चाचांचं झेरॉक्सचं दुकान आहे. भूकंपानंतर त्यांनी डोक्यावर स्लॅब घेतला नाही, पत्राच ठेवला. हातातलं पान वाचून झाल्याशिवाय ते मशीनवर ठेवत नाहीत, त्यामुळे रांग हलत नाही. मुलं म्हणतात, "चाचा, परीक्षा तुम्ही देऊन राहिलात का?"

"हाव. फॉर्म भरलाय."

परवा ते माझ्या नोट्समधल्या जेलीफिशच्या पानावर थांबले.

"एका जातीचा जेलीफिश जखमी झाला की पुन्हा लहान होतो, अन् मग नव्यानं वाढतो. खरंय का, बेटा?"

"हो, चाचा."

"माणसाचं?"

"शोधून राहिलेत. अजून तरी न्हाई."

त्यांनी मागे खाटेवर बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या अम्मीकडे पाहिलं. दोन वर्षांपासून ती या आपल्या मुलालाच आपले अब्बा समजते आणि भरवल्याशिवाय जेवत नाही.

"लहान तर ती झालीय," चाचा म्हणाले. "आता वाढायचं तेवढं राहिलंय."

आमच्या घरात शिकलेला मी पहिलाच, म्हणून गावी मी सांगेन ते खरं धरतात. चाचाही धरतात.

त्यांनी त्या पानाची एक प्रत जास्त काढली आणि अम्मीच्या उशीखाली ठेवली.