रुळावरच्या अकरा सकाळी

ट्राम स्थानकाचा इतिहास सांगणारा नवा फलक फलाटावर लागला. इस्त्रीमावशींनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि त्यांचं डोकंच फिरलं. ‘प्रशासनाच्या दूरदृष्टीतून हे स्थानक उभे राहिले.’

मावशींनी तेहतीस वर्षं इथल्या धुलाईखान्यात इस्पितळाच्या चादरींना इस्त्री केली. सुरुवातीला ट्राम धुलाईखान्यासमोरूनच जायची, पण थांबायची नाही. पुढच्या थांब्यावर उतरून बायका अर्धा तास मागं चालत यायच्या. अर्ज करकरून थकल्यावर एका सकाळी चौदाजणी सरळ रुळावर जाऊन उभ्या राहिल्या. अशा अकरा सकाळी. मावशींना तेव्हा सातवा महिना होता. बाराव्या दिवशी चार फळ्या ठोकून थांबा मिळाला. पुढे त्याचंच हे काचेचं स्थानक झालं.

मावशी तडक ट्रामच्या कार्यालयात गेल्या.

“पुरावा आहे का काही?” खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

“मी आहे की!”

“लेखी लागतो, आजी.”

“रुळावर उभं राहताना कागद कोण करतं रे?”

पुढच्या खेपेला कारकून रजेवर. त्याच्या पुढच्या खेपेला खिडकीच बदललेली. सून वैतागली. “आई, सोडा ना आता. कोण वाचतंय तो फलक?”

“मी वाचतेय!”

शेवटी मावशींना त्या वेळचा ट्रामचालक आठवला. तो निवृत्त होऊन चार गल्ल्या पलीकडे राहत होता. त्यानं ट्रंक उपसली. “उशिराचं कारण रोज लिहून द्यावं लागायचं. मी नक्कल ठेवायचो, नाहीतर साहेब सगळं माझ्याच गळ्यात घालायचे.” पिवळे पडलेले अकरा कागद निघाले. प्रत्येकावर एकच ओळ: ‘विलंब पंचवीस मिनिटे. कारण: रुळावर बायका.’

कारकुनानं ते शिक्का मारून घेतले. चार महिन्यांनी फलकाच्या तळाशी एक पट्टी चिकटली: ‘स्थानिक महिलांचे सहकार्य लाभले.’

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. “सहकार्य? अरे, आम्ही वाट अडवली होती! तुमच्या साहेबांनी पोलीस बोलावले होते आमच्यावर!”

“आजी, सरकारी फलकावर ‘अडवली’ असं नाही लिहिता येत.”

घरी येऊन मावशींनी चौदाजणींची नावं एका कागदावर लिहून काढली. त्यातल्या नऊजणी आता नव्हत्या. दोघींची आडनावं काही केल्या आठवेनात, याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद खिडकीत सरकवला.

“एवढी जागा नाही हो फलकावर.”

“मग दुसरा फलक लावा.”

अर्जाला क्रमांक मिळाला. त्याला आता दोन वर्षं होत आली. मावशी दर सोमवारी चौकशीला जातात. कारकून त्यांना दुरूनच ओळखतो आणि जेवणाची सुट्टी वेळेआधीच घेतो.