पडद्याआडचा अॅम्प्लिफायर

परवा रेडिओच्या दुकानात सोल्डरिंगचा वास आला आणि दादाने घरी बनवलेला अॅम्प्लिफायर आठवला.

रामदासपेठेतल्या एका वकिलांकडे रविवारी रेकॉर्डी ऐकायला मंडळी जमायची. एकदा दादाने त्यांचा विलायती अॅम्प्लिफायर समोर नुसताच चालू ठेवला आणि स्वतः बनवलेला पडद्याआड जोडला. मीही तिथे होते. सगळे डोळे मिटून डोलले. “विलायती ते विलायतीच,” वकील म्हणाले. दादाने हसत पडदा सारला.

तीच रेकॉर्ड पुन्हा लावली, तर वकिलांच्या कपाळाला आठ्या. “तरीच म्हटलं, खरखर काहून येऊन राहिली!” मघाशी डोललेल्या माना आता होकारार्थी हलल्या. मेल्यांचा मला आजही राग येतो.

घरी दादा स्पीकरला कान लावून कितीतरी वेळ बसला. मला काहीच खरखर ऐकू येत नव्हती.

“येते वं,” तो म्हणाला. “आता मलेही ऐकू येऊन राहिली.”

तो सोल्डरिंगचा वास आमच्या घरात पुन्हा कधी आला नाही.